मल्टीच्या छज्जाखाली आग्या मोहोळ, आंब्याच्या ढोलीत सातेरी: काढावं, हलवावं की राहू द्यावं?

सुदामानगर_ब
नमस्कार मंडळी. इंदूरच्या सुदामा नगरात आमची चार मजली मल्टी (फ्लॅटची इमारत) आहे. गच्चीच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागलंय. पोळं तीनेक फूट रुंद, पार्किंगपासून चाळीसेक फूट उंचावर. थेट खाली कुणाची बाल्कनी नाही, पण चौथ्या मजल्याची एक खिडकी दहा फुटांवर आहे. रविवारी सोसायटीची मीटिंग आहे आणि तीन मतं पडलीत: पेस्ट कंट्रोलवाल्याकडून औषध फवारून घ्यावं, रात्री मशाल लावून उतरवावं, किंवा अजिबात हात लावू नये.
शिवाय मागच्या अंगणातल्या आंब्याच्या ढोलीत लहान माश्यांची ये-जा दिसते. रामबागेत काकांचं जुनं घर आहे, तिथे भिंतीच्या भेगेतून तशाच माश्या येतात.
तिन्ही ठिकाणी एकच उपाय चालेल का? जाणकारांनी जरा तपशिलात लिहावं. मीटिंगमध्ये वाचून दाखवीन.

मधपाळ_महू
एकच उपाय चालणार नाही, कारण माश्या वेगळ्या आहेत. आधी माशी ओळखा, मग पुढचं.

आग्या: एकच पोळं, उघड्यावर, उंच. छज्जा, घुमट, पाण्याची टाकी, पुलाची कमान, वड-पिंपळाची जाड आडवी फांदी. पोळं नीट दिसतच नाही, माश्यांचा पडदा दिसतो. मोठ्या मोहोळात पन्नास-साठ हजार माश्या असू शकतात. ही माशी मधमाश्या पाळायच्या लाकडी पेटीत राहत नाही. कुणी "पेटीत भरून नेतो" म्हणत असेल तर त्याला यातलं कळत नाही असं समजा.

सातेरी: अंधारात, पोकळीत, एकाशेजारी एक अशी पाच-सात किंवा जास्त पोळी. झाडाची ढोली, भिंतीतली पोकळी, मीटरचा डबा, बंद पडलेलं धुराडं. बाहेरून फक्त एक भोक आणि ये-जा. ही पेटीत छान राहते. तुमच्या आंब्यात आणि काकांच्या भिंतीत बहुधा हीच.

फुलोरी: झुडपात किंवा कुंपणाच्या बारीक फांदीवर तळहाताएवढं एकच पोळं. सहसा त्रास देत नाही.

चौथी पोयाची माशी. मुंगीएवढी, डंख नाही, भिंतीतून मेणचट नळी बाहेर आलेली दिसते. तिला सोडून द्या.

आणि पाचवी शक्यता लोक विसरतात: नुसता थवा. माश्यांचा घोस लटकलाय पण आत पोळं नाही, प्रवासात विसाव्याला थांबलेल्या. एक-दोन दिवसांत, कधी त्याहून थोड्या जास्त दिवसांत, आपल्या आपण जातात. नवीन घोस दिसला की लगेच कुणाला बोलावू नका, तीन-चार दिवस पाहा. पडद्याखाली पांढरं मेण दिसायला लागलं तर वस्ती धरली म्हणायची.

राजवाडा_कट्टा
इतका विचार कशाला करता? मशाल लावून आग्या उतरवणं पिढ्यान् पिढ्या चाललंय. माहीतगार माणूस आणा, अमावास्येची रात्र धरा, अर्ध्या तासात काम. मध मिळतो तो वेगळाच.

दोरखंड
@राजवाडा_कट्टा, अमावास्येचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. चांदण्यात आग्या माशी उडते, अंधारात ती पोळ्यालाच धरून असते. पण रानातली पद्धत जशीच्या तशी मल्टीला लावता येत नाही. रानात पेटती पेंढी कड्यावरून घासली की ठिणग्या खाली पडतात, माश्या त्या ठिणग्यांमागे जातात, वरचा माणूस सुटतो. मल्टीखाली काय असतं? स्कूटरींच्या पेट्रोलच्या टाक्या, केबलचे जुडगे, एसीच्या नळ्यांवरचा फोम. वर पोळ्याचं मेणही पेट घेतं आणि वितळून खाली गळतं.

दुसरं म्हणजे प्रकाश. रात्री उठवलेली आग्या माशी उजेडाकडे जाते. रानात उजेड फक्त मशालीचा, इथे समोरच्या इमारतीत दोनशे खिडक्या. पंख जळलेल्या माश्या खाली सरपटत राहतात आणि सकाळी अनवाणी पायाखाली येतात. आणि जाळून काही संपत नाही. बाहेर असलेल्या आणि निसटलेल्या माश्या दोन-तीन दिवस त्याच जागी घोंगावत असतात, तेव्हा त्या सर्वांत जास्त चिडलेल्या असतात.

राजवाडा_कट्टा
ठिणग्यांचा मुद्दा मान्य. पण मग धूर तरी लागेलच ना?

दोरखंड
धूर हवा, पण थंड आणि पांढरा. वाळलेला कडुनिंबाचा पाला, नारळाची शेंडी, गोणपाट, गोवरीचा तुकडा. पेटवून ज्वाळा विझवायच्या आणि वरून थोडा ओला पाला टाकायचा. हातावर धूर घेऊन पाहायचा, चटका बसला तर तो माशीला जाळतो. रॉकेल, टायर, प्लास्टिक कधीच नाही.

निंबाची_सावली
औषध फवारण्याबद्दल लिहिते, कारण मीटिंगमध्ये तेच सोपं म्हणून पास होण्याची भीती आहे.

उघड्या आग्या पोळ्यावर औषध मारलं की बाहेरचा थर आधी पडतो. मरता मरता माशी डंख मारते, आणि डंखाबरोबर पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो. तो वास म्हणजे बाकीच्यांना हल्ल्याची हाक. आतला थर जिवंत असतो, चरायला गेलेल्या माश्या परत येत राहतात. म्हणजे एका फवाऱ्यात काम संपत नाही, उलट पुढचे कित्येक तास सगळी इमारत कोंडून बसते.

भिंतीतल्या सातेरीला औषध मारणं तर त्याहून वाईट. माश्या मरतात, पोळी आतच राहतात. माश्या जिवंत असताना त्या पंखांनी वारा घालून पोळं थंड ठेवतात. त्या गेल्या की मालव्याच्या एप्रिलमध्ये मेण मऊ पडतं आणि मध भिंतीतून गळायला लागतो. मग मुंग्या, झुरळं, उंदीर, मेणकिडा. मेलेल्या अळ्या सडतात, खोलीत वास महिनाभर. आणि शेजारपाजारच्या माश्या येऊन तोच विषारी मध लुटून आपल्या घरी नेतात, म्हणजे एका भोकात मारलेलं औषध आसपासची इतर मोहोळंही मारतं. त्या पोळ्यातला मध माणसानेही खायचा नाही.

कांदाबियाणं
शहरातल्या मंडळींना एक गोष्ट सांगतो. आमच्याकडे कांद्याचं बी धरतं ते माश्यांमुळे. कांद्याच्या एकाच गोंड्यातल्या फुलाचे पुंकेसर आधी पिकतात आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, त्यामुळे फूल स्वतःच स्वतःचं परागण करू शकत नाही. वाऱ्याने हे काम होत नाही, माशी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंड्यांवर आग्या आणि फुलोरी दोन्ही दिसतात. धने, ओवा, मोहरी, टरबूज, सगळीकडे त्याच. तुमच्या छज्जावरची माशी चाऱ्यासाठी काही किलोमीटर सहज जाते, म्हणजे राऊच्या बाजूच्या शेतांपर्यंतही. नुसती नको म्हणून ती मारू नका. गरज असेल तर हलवा, नसेल तर थांबा.

सुदामानगर_ब
थांबायचं म्हणजे नेमकं किती? चौथ्या मजल्यावरच्या ताई विचारतायत.

मधपाळ_महू
आग्या माशी स्थलांतर करते. आपल्या पठारावर पावसाळा सरल्यावर येते, मोहरी-धन्यापासून निलगिरी, पळस, पुढे कडुनिंब आणि करंज यांच्या फुलोऱ्यावर जगते आणि फुलं संपली, ऊन चढलं की पहिल्या पावसाच्या आगेमागे बहुतेक मोहोळं उठतात. म्हणजे फेब्रुवारीत विचारत असाल तर तीन-चार महिने धरा. आधीही जाऊ शकते.

जाण्याची लक्षणं दुर्बिणीतून दिसतात. पडदा पातळ होतो. पोळ्याची खालची कड उघडी पडते आणि कोरडी, तपकिरी दिसते. राणीने अंडी घालणं थांबवलं की आतली पिल्लावळ माश्या होऊन बाहेर पडायला अदमासे तीन आठवडे लागतात, त्यानंतर मोहोळ रिकामं पोळं सोडून जातं. वरच्या कोपऱ्यातला मधाचा फुगवटा बसलेला दिसला म्हणजेही वेळ जवळ आली.

तुमच्या वर्णनावरून (चाळीस फूट उंच, खाली बाल्कनी नाही) माझं मत: राहू द्या. पण चौथ्या मजल्याची ती खिडकी मोहोळ असेपर्यंत बारीक जाळीने बंद करा, आणि संध्याकाळनंतर तिथला दिवा पडद्याआड ठेवा. पिवळसर मंद दिवा पांढऱ्या एलईडीपेक्षा बरा.

पाखरू
राहू द्यायचं ठरलं तर माशी कशाने उठते तेही मीटिंगमध्ये सांगा. आग्या मोहोळ उगाच माणसावर येत नाही, बहुतेक वेळा आधी काहीतरी घडलेलं असतं.

पहिली, मोहोळघार. हा शिकारी पक्षी पोळ्यावर झडप घालून अळ्यांसकट तुकडा तोडून नेतो. चोचीपासून डोळ्यांपर्यंत त्याची पिसं खवल्यांसारखी घट्ट असतात, त्याला डंख फारसे लागत नाहीत. माश्या मग खाली जो हलताना दिसेल त्याच्यामागे लागतात. कावळाही कधी कधी कड तोडतो. मोहोळाभोवती मोठी घार घिरट्या घालताना दिसली की पार्किंगमधली मुलं आत घ्या.

दुसरी, पतंगाचा मांजा. संक्रांत झाली तरी पोरं फेब्रुवारीत उडवतच असतात. पोळ्यात मांजा अडकला आणि ओढला की झालं. तिसरी, गच्चीवरचा होमाचा किंवा तंदूरचा धूर, फटाके, छज्जाला हादरे देणारं ड्रिलिंग, लग्नाचं चित्रीकरण करणारे ड्रोन. भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांवरच्या आग्या मोहोळांनी पर्यटकांवर हल्ले केल्याच्या बातम्या सगळ्यांनी वाचल्या असतील. कारण तिथेही बहुतेक हेच, कुणीतरी छेडलेलं असतं.

आणि एक चांगली खूण: पडद्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाटा सरकताना दिसतात, माश्या पोट वर उचलतात म्हणून. गांधीलमाशी किंवा पक्षी जवळ आला की हे होतं. एखादी लाट म्हणजे सावधपणा. लाटांमागून लाटा येत असतील तर त्या बाजूला जाऊ नका.

अन्नपूर्णा_रोड
मागे लागल्या तर पाण्याच्या टाकीत उडी मारायची का? लहानपणापासून ऐकलंय.

डॉ_रात्रपाळी
अजिबात नाही. माश्या पाण्यावर थांबून राहतात आणि श्वासाला डोकं वर काढलं की चेहऱ्यावर येतात, बुडण्याचा धोका वेगळाच. शर्ट किंवा ओढणी डोक्यावरून चेहऱ्यावर घ्या, डोळ्यांपुरती फट ठेवा आणि सरळ पळा. बंद खोली किंवा काचा लावलेली गाडी गाठा. हातवारे करू नका, मारू नका. सोबत चार-पाच माश्या आत आल्या तरी चालतील, बाहेर शेकडो आहेत. गोठ्यात बांधलेलं जनावर किंवा साखळीचा कुत्रा असेल तर शक्य तेवढ्या लवकर सोडा, त्यांना पळता येत नाही.

डंखाचं: काटा त्वचेत राहिला की त्याची विषाची पिशवी काही सेकंद आत विष ढकलत राहते. म्हणून तो कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. नखाने खरवडा, चिमटीने उपटा, काहीही चालेल. मग साबण-पाणी आणि बर्फ. चुना, टूथपेस्ट, लोखंड घासणं यात वेळ घालवू नका.

रुग्णालयात लगेच कधी न्यायचं:
एक, डंख एकच असला तरी अंगभर पित्त उठलं, ओठ-जीभ-घसा सुजला, आवाज बसला, धाप लागली, उलट्या झाल्या, चक्कर आली. ही तीव्र अॅलर्जी आहे आणि खेळ मिनिटांचा असतो. यावर अॅड्रेनालिन हेच पहिलं औषध, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, प्रौढाला १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरच्या कुपीतून ०.५ मिलिलिटर. सुधारणा नसेल तर पाच मिनिटांनी परत. हे डॉक्टरने किंवा शिकलेल्या माणसाने द्यायचं. फक्त अॅव्हिलची (अॅलर्जीवरच्या साध्या औषधाची) सुई किंवा गोळी देऊन घरी पाठवणं पुरेसं नाही.
दोन, पन्नासेक किंवा जास्त डंख, अॅलर्जी नसली तरी. लहान मूल, म्हातारं माणूस असेल तर याहून कमी डंखांतही. इतक्या विषाने स्नायू तुटतात आणि त्याचा भार मूत्रपिंडावर येतो. माणूस पहिले काही तास बरा दिसतो, दुसऱ्या दिवशी लघवी चहा-कोलाच्या रंगाची होते. म्हणून किमान चोवीस तास दाखल ठेवून लघवी, क्रिएटिनिन, पोटॅशियम पाहिलं पाहिजे.
तीन, डोळ्याच्या बुबुळावर किंवा तोंडाच्या आत डंख.

१०८ ला फोन करा, किंवा एम.वाय.सारख्या आपत्कालीन कक्ष असलेल्या रुग्णालयात थेट न्या. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात थांबू नका. मोहोळ राहू द्यायचं ठरलं तर मल्टीत कुणाला आधी माशीची अॅलर्जी झाली आहे का, ते घरोघर विचारून घ्या. तसं कुणी असेल तर माझं मत बदलतं: मग काढा.

सुदामानगर_ब
डॉक्टरसाहेब, हे विचारणं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. आजच विचारतो. काढायचंच झालं तर नीट कसं काढतात?

दोरखंड
लिहितो. वाचून स्वतः करायला जाऊ नये, पण ज्याला काम द्याल तो काय करतो हे तपासता यावं म्हणून.

माणसं किमान तीन: दोन वर, एक खाली. तिघांना पूर्ण पोशाख. आग्याचा डंख साध्या सुती कापडातून आणि पातळ हातमोज्यातून आरपार जातो, म्हणून आत जाड कपडे, वर पोशाख, मनगट आणि घोट्याला चिकटपट्टी. चेहऱ्याची जाळी काळी, म्हणजे आतून स्पष्ट दिसतं, आणि ती नाकाला टेकता कामा नये. दोर गच्चीवरच्या आरसीसी खांबाला बांधायचा. पाण्याच्या नळीला, टाकीच्या शिडीला किंवा विटांच्या कठड्याला नाही. कामाचा एक दोर आणि सुरक्षेचा दुसरा, दोन वेगळ्या ठिकाणी.

आदल्या दिवशी सगळ्या मल्टीत आणि आजूबाजूच्या घरांत लेखी सूचना. वेळ सूर्यास्तानंतर, अंधार पडल्यावर. खिडक्या बंद, जिन्याचे आणि पार्किंगचे दिवे बंद, शक्य असेल तर निगमला सांगून जवळचा पथदिवाही. कामाला लाल काच लावलेला टॉर्च. लाल उजेड माशीला जवळपास दिसत नाही.

दहा-पंधरा मिनिटं बाजूने, वाऱ्याच्या दिशेने हलका धूर. माश्या पोळ्याच्या एका बाजूला सरकतात. सरकल्या की लांब पात्याच्या सुरीने आधी वरच्या कोपऱ्यातला मधाचा जाड भाग कापायचा आणि झाकणाच्या वीस लिटरच्या बादलीत थेट झेलायचा. खाली पडू दिला तर सांडलेल्या मधावर दुसऱ्या दिवशी गावभरच्या माश्या येतात. मग पिल्लावळीचा भाग. छज्जाला चिकटलेलं मेण पत्र्याच्या खरवडणीने साफ. हे शेवटचं काम लोक टाळतात आणि पुढच्या वर्षी त्याच जागी मोहोळ लागतं. जुन्या मेणाचा वास नव्या थव्याला बोलावतो.

पोळं गेल्यावर माश्या त्याच जागी घोस करून बसतात. त्यांना मारायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी-संध्याकाळी थोडा धूर दिला की एक ते तीन दिवसांत निघून जातात. तोवर ती बाजू बंद ठेवायची, गच्चीला कुलूप.

काम देताना विचारा: पोशाख किती, दोर कशाला बांधणार, मेण खरवडणार का, पुढचे तीन दिवस येणार का. "दहा मिनिटांत करून देतो" म्हणणारा माणूस फवारणीच करणार आहे.

राजवाडा_कट्टा
हे मशालीपेक्षा बरंच नीटनेटकं आहे, मानलं. पण पिल्लं तर मरणारच ना यात?

मधपाळ_महू
हो, आग्याची पिल्लावळ वाचत नाही. कापलेला तुकडा दुसरीकडे टांगला तर मोहोळ त्यावर येऊन बसेल याचा भरवसा धरू नये. म्हणूनच आधी थांबायला सांगतो. मधापुरतं बोलायचं तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत (स्थापना १९६२) पिल्लावळीला हात न लावता फक्त मधाचा कोपरा कापून घ्यायचं शिकवतात. मोहोळ जगतं आणि तीच जागा परत मधाने भरते.

चुना_वीट
रामबागेच्या भिंतीबद्दल. त्या भागातली जुनी घरं वीट आणि चुन्याची, भिंती दीड-दोन फूट जाड, आत कोनाडे, कपाटं, बुजवलेली धुराडी. पोकळी भरपूर. भोक दिसतं तिथे पोळी असतीलच असं नाही, सात-आठ फुटांवरही असू शकतात. पिल्लावळीचं तापमान ३४-३५ अंश असतं, म्हणून थंडीतल्या पहाटे उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात भिंतीवर गरम डाग दिसतो. कॅमेरा नसेल तर रात्री भिंतीला स्टेथोस्कोप लावा, टकटक करा, गुणगुण वाढते ती जागा.
माझा कल भिंत न फोडण्याकडे. भोकाला जाळीचा शंकू लावा: रुंद तोंड भिंतीला, निमुळतं तोंड बाहेर, टोकाचं भोक जेमतेम एक माशी निघेल इतकं. माश्या बाहेर येतात, परत आत जायची वाट सापडत नाही. शेजारी पेटी टांगा, तीत दुसऱ्या मोहोळाची, अंडी-अळ्यांचं पोळं असलेली एक लाकडी चौकट. बाहेर राहिलेल्या माश्या पेटीत जातात.

मधपाळ_महू
@चुना_वीट, शंकूची पद्धत मला माहीत आहे, पण तिची किंमतही सांगा. राणी बाहेर येत नाही. आतली पिल्लावळ संपेपर्यंत चार ते सहा आठवडे लागतात. एकही दुसरी फट राहिली तर सगळं फुकट. आणि शेवटी मधाची पोळी भिंतीतच राहतात, निंबाची_सावली यांनी वर लिहिलेला सगळा त्रास मग होतोच. सातेरी चिडून पोळं सोडून गेली तर तेही आलंच. ज्या भिंतीवर भार आहे किंवा नक्षी आहे तिथेच शंकू. कपाटाच्या मागची फळी काढून पोळी दिसणार असतील तर उघडून काढणंच चांगलं.

उघडून काढायची रीत: दिवस उबदार, वेळ दुपारी चारच्या सुमारास, म्हणजे काम संपता संपता चरायला गेलेल्या माश्याही परततात. पेटी भारतीय मानकाची ए प्रकारची, पिल्लावळीची चौकट आतून २१० गुणिले १४५ मिलिमीटर. भोकातून दोन-तीन फुंका धूर, पाच मिनिटं थांबा. फळी काढा. कडेच्या पोळ्यापासून सुरुवात. माश्या मऊ ब्रशने किंवा कोंबडीच्या पिसाने बाजूला करून पोळं मुळाशी कापायचं. मधाचा वरचा भाग वेगळा करून झाकणाच्या डब्यात. तो चौकटीत बांधू नका, वजनाने तुटतो आणि माश्या मधात बुडून मरतात. पिल्लावळीचा भाग चौकटीच्या मापाने कापून, वरची बाजू वरच ठेवून, केळीच्या सोपटाने किंवा सुती दोऱ्याने दोन-तीन ठिकाणी बांधायचा. माश्या तो मेणाने जोडतात आणि दोरा कुरतडून टाकतात. नायलॉनचा दोरा नको. नवं पांढरं पोळं बांधायच्या भानगडीत पडू नका, ते हातात चुरतं.

राणी शोधायची. पोट लांब, रंग गडद, उजेडापासून पळते, बहुधा शेवटच्या पोळ्यावर किंवा भिंतीच्या कोपऱ्यात. तिला छोट्या पिंजऱ्यात घालून चौकटींच्या मध्ये ठेवा. ती पेटीत आहे हे माश्याच सांगतात: दाराशी पोट वर करून पंख फडफडवायला लागतात आणि उरलेल्या रांगेने आत शिरतात. असं झालं नाही तर राणी अजून भिंतीतच आहे.

अंधार पडेपर्यंत पेटी तिथेच. मग दाराला जाळी लावून हलवा, किमान दोन-तीन किलोमीटर लांब. त्याच अंगणात वीस फुटांवर ठेवली तर चरायला गेलेल्या माश्या जुन्या भोकाशीच परततात. नव्या जागी पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. साखर आणि पाणी समप्रमाणात, दोनशे मिलिलिटर, संध्याकाळी पेटीच्या आत. बाहेर ठेवलं तर लूट होते. पहिला आठवडा राणी बाहेर न जाईल अशी जाळी दाराला ठेवा, नाहीतर सातेरी पेटी सोडून जाते. पण आठवड्याने काढा, नर माश्यांनाही बाहेर पडता आलं पाहिजे. दर आठवड्याला पेटीचा तळ झाडा, तिथल्या चुऱ्यात मेणकिडा अंडी घालतो.
अनोळखी मोहोळ स्वतःच्या पेट्यांशेजारी लगेच ठेवू नका. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड रोगाने दक्षिणेतली सातेरीची असंख्य मोहोळं गेली. अळ्या पिशवीसारख्या पाण्याने भरलेल्या दिसल्या तर ती पोळी बांधूच नका.

चुना_वीट
पटलं. कपाटामागे असेल तर उघडूया. पोकळी मात्र रिकामी सोडू नका: मेण खरवडून, सोड्याच्या गरम पाण्याने पुसून, विटेचे तुकडे आणि चुन्याच्या मसाल्याने भरा, चुना एक, वाळू तीन. जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंट भरलं तर ओल अडकते. मीटरच्या डब्यात पोळं असेल तर वीज कंपनीकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय हात लावू नका.

निंबाची_सावली
आंब्याचं राहिलं. ढोलीतल्या सातेरीला हलवायचं कारणच मला दिसत नाही. भोक डोक्याच्या उंचीवर आणि वाटेवर असेल तरच विचार करा. ढोलीत सिमेंट तर कधीच भरू नका, आतून कूज वाढते. झाड पाडायचंच असेल (रस्ता रुंदीकरण वगैरे) तर अंधार पडल्यावर भोक जाळीने बंद करा, पोकळीच्या वर-खाली दोन-दोन फूट सोडून खोड कापा, आणि तो ओंडका उभाच, जसा होता तसाच, दूर नेऊन ठेवा. आडवा केला तर पोळी तुटून एकमेकांवर पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी जाळी काढा.
आणि वड-पिंपळाच्या फांद्या पावसाळ्याआधी छाटतात, नेमकी तेव्हाच आग्या मोहोळं वर असतात. करवत लावण्याआधी खालून दुर्बिणीने प्रत्येक जाड फांदीची खालची बाजू पाहून घ्यावी.

अन्नपूर्णा_रोड
आणि कुंपणाच्या मेंदीतली फुलोरी? माळी घाबरतो.

पाखरू
ती फांदीसकट कापा, संध्याकाळी. पोळ्याच्या दोन्ही बाजूंना वीतभर फांदी ठेवा, कारण तिथे त्यांनी मुंग्यांसाठी चिकट डिंकाचे पट्टे लावलेले असतात. त्याच दिशेने आणि त्याच तिरक्या कोनात दुसऱ्या झुडपात बांधा. काम दोन सुतळ्यांचं.

राजवाडा_कट्टा
तीन फुटांचं पोळं म्हणजे मध किती निघेल? मीटिंगचा कोरम नक्की भरेल!

मधपाळ_महू
काही किलो निघतो, हंगामावर आहे. पण हाताने पिळू नका, अळ्यांचा रस मिसळून मध आंबतो. कापून कपड्यावर ठेवा आणि आपोआप गळू द्या. आग्याच्या मधात पाणी जास्त, वीस टक्क्यांच्या वर असलं की फेस येतो, म्हणून लवकर संपवा. एक वर्षाखालच्या बाळाला कुठलाच मध देऊ नका.

सुदामानगर_ब
घरोघर विचारलं. अॅलर्जीचं कुणी नाही. मीटिंगमध्ये आग्या राहू द्यायचं, आंब्याला हात लावायचा नाही आणि काकांकडे कपाटामागची फळी उघडायची असं मांडतो. मोहोळ गेल्यावर छज्जाला कबुतरांची जाळी लावली तर पुढच्या वर्षी येणार नाहीत ना?

दोरखंड
कबुतरांच्या जाळीने काही होत नाही, तिच्या डोळ्यांतून माशी सरळ आत जाते आणि मग पोळं जाळीच्या आत, काढायला दुप्पट अवघड. छज्जाची बाहेरची कड ते भिंत अशी तिरपी, ताणून लावलेली जाळी हवी, डोळा तीन मिलिमीटरपेक्षा मोठा नाही, कडेला कुठे फट नाही. त्याआधी, मोहोळ उठल्यावर पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा: रिकामं पोळं काढा, मेण खरवडा, धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, पूर्ण वाळू द्या आणि ऑइल पेंटचे दोन हात मारा. सप्टेंबर संपायच्या आत सगळं उरकायला हवं. ऑक्टोबरात पहिले थवे जागा बघायला येतात. मल्टीच्या दुसऱ्या छज्जांवर जुन्या पोळ्यांचे अर्धवर्तुळाकार डाग असतील तर तेही त्याच वेळी घासून घ्या, नाहीतर एका कोपऱ्यावरून उठून दुसऱ्यावर बसतील.

सुदामानगर_ब
उत्तरेच्या छज्जाला असे दोन डाग आहेत, आताच पाहिले. तेही यादीत घातले.